‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं कुठं झालं?

आजचा विषय कळल्यावर एका मित्रानं विचारलं, "स्टोरेज आणि बॅटरी, यावर बोलण्यासारखं काय आहे?" त्याला म्हटलं, मला खरं तर एकाच वाक्यावर बोलायचंय, आणि ते वाक्यही माझं नाही. एका पतसंस्थेतल्या कॅशियर बाईंचं आहे. "सर, सेव्ह झालं म्हणून आलं होतं की!"

ही २०११ सालची गोष्ट. कर्नाटकाच्या सीमेलगत एका पतसंस्थेची मुख्य कचेरी होती. मी तेव्हा सर्व्हर-स्टोरेजची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होतो आणि ही पतसंस्था माझ्याकडं होती. संस्थेचं नाव सांगणार नाही. चूक त्यांची कमी आणि माझी जास्त होती, हे मात्र आधीच सांगून टाकतो.

तिथं काय झालं ते कळायला संगणक ‘सेव्ह झालं’ असं कधी म्हणतो ते आधी बघू. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी. साधी डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. एखादी नोंद तिच्यावर लिहायची तर आधी तो लिहिणारा हात योग्य जागी सरकायला हवा, मग तबकडीची ती जागा फिरून त्याच्याखाली यायला हवी. या दोन्हीला मिळून दहाबारा मिलिसेकंद जातात. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण म्हणजे इकडंतिकडं विखुरलेल्या नोंदी लिहायच्या तर अशी एक डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या आतबाहेर लिहू शकते. एकाच वेळी पाच काउंटर, वीस शाखा आणि दिवसअखेरचं व्याज चालू असेल, तर सगळे खोळंबतात.

म्हणून डिस्कच्या पुढं एक मधला थांबा ठेवतात. कंट्रोलर नावाचं कार्ड असतं, त्यावर थोडी रॅम असते. तिला कॅश मेमरी म्हणतात. नोंद आली की ती आधी या रॅममध्ये ठेवायची आणि लगेच वर कळवायचं, ‘झालं’. डिस्कवर नंतर सवडीनं लिहायचं. यामुळं वेग कित्येक पटींनी वाढतो. दुकानात गर्दीच्या वेळी गल्ल्यावरचा माणूस कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि रात्री पक्कं खातं लिहितो, तसंच हे. फरक एवढाच की ही कच्ची वही वीज गेली की कोरी होते.

तर कंट्रोलरनं ‘झालं’ म्हटलं तेव्हा खरं म्हणजे झालेलं नसतं. त्यानं शब्द दिलेला असतो. तो शब्द पाळायला वीज लागते, म्हणून त्या कार्डाला एक छोटी बॅटरी जोडलेली असते. वीज गेली तर ही बॅटरी त्या रॅमला दोनतीन दिवस जागं ठेवते. वीज आली की कंट्रोलर राहिलेलं डिस्कवर उतरवतो आणि कोणाला काही कळतही नाही. मोठ्या बँकेच्या, विमान कंपनीच्या, रुग्णालयाच्या स्टोरेजमागं हीच तडजोड आहे. १९९० साली ईएमसी कंपनीनं सिमेट्रिक्स नावाचं स्टोरेज बाजारात आणलं, त्याची कल्पनाच अशी होती की लहान, स्वस्त डिस्का पुष्कळ घ्यायच्या, पुढं भलीमोठी कॅश ठेवायची, आणि वीज गेलीच तर पोटातल्या बॅटरीवर कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरवून मगच डोळे मिटायचे.

आता ती संध्याकाळ सांगतो. त्या दिवशी तिथं तीन बॅटऱ्या होत्या आणि तिन्ही मेल्या.

साडेसहाला गावची वीज गेली. जनरेटर होता, टाकीत डिझेलही होतं, पण जनरेटर सुरू करायला जी बॅटरी लागते ती उतरलेली होती. हे फार ठिकाणी होतं. डिझेल रोज काठी घालून बघतात, पण बॅटरीकडं कोणी बघत नाही. शिपाईमामांनी तीनचारदा किल्ली फिरवली, आवाजसुद्धा आला नाही. तोवर यूपीएस चालू होता. कागदावर तो चाळीस मिनिटं चालायचा. पण त्याच्या बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या असतात, आणि त्या माळेतली एक खराब झाली तरी सगळी माळ बसते. अकराव्या मिनिटाला तो बंद पडला. बॅटरी संपत आल्यावर यूपीएसनं सर्व्हरला तसं कळवावं आणि सर्व्हरनं स्वतःहून नीट बंद व्हावं, अशी सोय असते. त्यासाठीची केबल यूपीएसबरोबर आली होती. ती खोक्यातच होती.

तिसरी बॅटरी होती कार्डावरची. ती आठ महिने मेलेली होती आणि ते मला ठाऊक होतं.

असं कसं, म्हणाल. सांगतो. ही कार्डावरची बॅटरी अधूनमधून स्वतःची परीक्षा घेते. पूर्ण रिकामी होते, परत भरते आणि आपल्यात किती जोर उरलाय ते मोजते. तेवढ्या वेळात तिचा भरवसा नसतो, म्हणून कंट्रोलर शहाणपणानं ‘झालं’ म्हणायची घाई सोडतो आणि प्रत्येक नोंद डिस्कवर गेल्यावरच ‘झालं’ म्हणतो. साहजिकच सगळं मंदावतं. बॅटरी नापास झाली तर मंदपणा कायमचाच. तिथं तेच झालं होतं. सोमवारची गर्दी, पासबुकं छापायला रांग, व्यवस्थापकसाहेबांचा दर दहा मिनिटांनी फोन. मी नवी बॅटरी मागवण्याचा कागद दिला आणि ती येईपर्यंत म्हणून कंट्रोलरमधला एक पर्याय बदलला. तो पर्याय असा असतो: बॅटरी असो वा नसो, घाई चालू ठेव. पर्याय निवडताना तो धोक्याची सूचनाही देतो. मी ‘हो’ दाबलं. काउंटर पळायला लागले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, चहा पाजला. बॅटरीचा कागद पुढं खरेदी समितीत अडकला. काम तर चाललंय, मग घाई कशाला, असं त्यांना वाटलं. आणि मीही विसरलो. ‘तात्पुरतं’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महाग शब्द आहे.

वीज आल्यावर सर्व्हर चालू केला तर कंट्रोलरनं पडद्यावर सरळ लिहिलं की अचानक वीज गेल्यामुळं कॅशमधला डेटा नाहीसा झाला आहे. मी साहेबांना फोन केला आणि म्हणालो, "साहेब, कॅश गेली." त्यांना वाटलं तिजोरीतली रोकड गेली. पाच मिनिटांत स्कूटरवरून आले, चेहरा पांढरा. रोकड शाबूत आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. मग मी बाकीचं सांगितलं. तेव्हा ते खाली बसले.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. कॅशमध्ये गेलेला डेटा असतो मूठभर, त्या कार्डावर ५१२ एमबी रॅम होती. पण तो शेवटच्या काही क्षणांचा, आणि नेमका डेटाबेसच्या वर्मी लागणारा असतो. खात्याची नोंद डिस्कवर गेली आणि तिची अनुक्रमणिका गेली नाही, किंवा उलट. वर रेडमध्ये पाच डिस्का असतील तर तिघींवर नवं, दोघींवर जुनं. नुसती शेवटची दहा मिनिटं गेली, असं सुटसुटीत नुकसान होत नाही. सगळा डेटाबेस उघडायलाच नकार देतो. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून सगळं परत उभं करावं लागलं, म्हणजे पूर्ण दिवसाचं काम गेलं.

कॅशियर बाईंना पटेना. "सर, सेव्ह झालं म्हणून आलं होतं की! मी बघितल्याशिवाय पुढचं गिऱ्हाईक घेत नाही." बाईंचं काही चुकलं नव्हतं. पडद्यानं त्यांना सांगितलं, पडद्याला डेटाबेसनं, डेटाबेसला कंट्रोलरनं. प्रत्येकानं खालच्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि सगळ्यात खालच्याला खोटं बोलायला मी शिकवलं होतं.

आणि पासबुकं! दिवसभरात छापलेली पासबुकं लोक घरी घेऊन गेले होते. त्यांत शिल्लक एक, आमच्याकडं दुसरी. पतसंस्था काय भांडवलावर चालते? लोकांच्या भरवशावर. "उद्या एकानं जरी चौकात म्हटलं की पैसे भरले पण दिसत नाहीत, तर दारात रांग लागेल," साहेब म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती.

वाचवलं कागदानं. पिग्मी एजंटांकडं पावतीपुस्तकांची स्थळप्रत होती, काउंटरवर भरणा-चलनं होती. तीन रात्री सगळे बसले. एजंट, कारकून, मी, साहेबांच्या घरून डबे. पिग्मीची चाळीस-पन्नास रुपयांची एकेक नोंद परत घातली. एका चलनाचा मात्र पत्ता लागेना. शेवटी ज्या आजींचं ते होतं त्यांनाच निरोप धाडून पासबुक मागवलं आणि त्यावरून नोंद केली. म्हणजे संस्थेचं खरं खातं त्या दिवसापुरतं आजींच्या ट्रंकेत होतं.

तुम्ही म्हणाल, ही छोट्या गावची, जुन्या यंत्राची गोष्ट. मोठ्यांकडं असं होत नसेल. तर ऐका. १३ ऑगस्ट २०१५ रोजी बेल्जियममध्ये गूगलच्या डेटा सेंटरला वीज पुरवणाऱ्या तारांच्या जाळ्यावर लागोपाठ चारदा वीज कोसळली. पर्यायी पुरवठा लगेच सुरू झाला. स्टोरेजला बॅटऱ्या होत्याच. तरीही नुकताच लिहिलेला काही डेटा कायमचा गेला. कारण कंपनीनंच जाहीर केलं: बॅटऱ्या वारंवार किंवा जास्त वेळ उपसल्या गेल्या तर तग धरणार नाही अशा काही यंत्रांवर तो डेटा होता. गेलेला भाग त्या ठिकाणच्या साठ्याच्या एका टक्क्याच्या दहा लाखाव्या हिश्शाहून कमी. गूगलच्या बाजूनं बघितलं तर हे नगण्य आहे. ज्याचा डेटा गेला त्याच्या बाजूनं बघितलं तर शंभर टक्के.

त्या घटनेतला ‘वारंवार’ हा शब्द आपल्याकडं फार महत्त्वाचा आहे. यूपीएस विकणारा तुम्हाला सांगतो, वीस मिनिटं चालेल. ती वीस मिनिटं भरलेल्या बॅटरीची. पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी परत भरायला आठ-दहा तास लागतात. आता तुमच्या गावचा वळवाचा पाऊस आठवा. वीज जाते, सात मिनिटांनी येते, परत जाते, येते, लुकलुकते, परत जाते. चौथ्या वेळी त्या बॅटरीत काय उरलंय? म्हणून मी आता लोकांना सांगतो, एकदा किती वेळ वीज जाते ते मोजू नका, एका संध्याकाळी किती वेळा जाते ते मोजा. आणि वीज आल्या आल्या घाईनं सर्व्हर चालू करू नका. यूपीएस थोडा भरू द्या. वीज जाताना जेवढं नुकसान होतं, तेवढंच ती येऊन परत जाताना होतं.

दुसरा शत्रू उन्हाळा. बॅटरीचं आयुष्य छापलेलं असतं ते २५ अंश तापमानाला. दर दहाएक अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. सर्व्हरला एसी आणि यूपीएस जिन्याखालच्या कोंदट खोलीत, हे दृश्य मी नागपूर-जळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत बघितलंय. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी तिथं दोन उन्हाळे काढते.

मोठ्या स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलर असतात. प्रत्येक नोंद दोघांच्याही कॅशमध्ये ठेवतात, मग ‘झालं’ म्हणतात. छान सोय आहे; एक कंट्रोलर मेला तर दुसरा सांभाळतो. पण वीज गेली तर दोघांची एकदमच जाते. रेडचंही तसंच. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली ती डिस्क मरण्यावरचा उपाय म्हणून. वीज जाणं हा वेगळा आजार आहे, त्याला ते औषध लागू पडत नाही. तसंच त्या दोन पॉवर सप्लायचं. यंत्राला दोन वायरी असतात, त्या दोन वेगळ्या यूपीएसला जाव्यात म्हणून. मी एका ठिकाणी मागं वाकून बघितलं तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, आणि त्याच बोर्डावर मोबाइल चार्जर. पाऊण कोटीचं यंत्र होतं ते.

आता तर सगळीकडं एसएसडी आहे, फिरणारी तबकडीच नाही, मग हा प्रश्न उरला कुठं? उरला. एसएसडीच्या आतही अशीच छोटी कॅश असते. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपीच्या संशोधकांनी १५ एसएसडी घेतल्या आणि त्यांची वीज पुनःपुन्हा तोडून बघितली. १५ पैकी १३ मध्ये काही ना काही अनपेक्षित बिघाड दिसला. सर्व्हरसाठीच्या चांगल्या एसएसडीत यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेल्यावर ते काही मिलिसेकंद पुरतात, तेवढ्यात हातातलं काम पुरं होतं. घरगुती एसएसडीत ते बहुधा नसतात. दिसायला दोन्ही सारख्या, किंमत मात्र निम्मी. पैसे वाचवायला घरगुती एसएसडी सर्व्हरमध्ये घालणारे पुष्कळ भेटतात. माझं त्यांच्याशी भांडण होतं.

कंट्रोलरच्या कार्डांची स्थिती मात्र खरोखर सुधारली. आता बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो. वीज गेली की तो मिनिटभराच्या आत कॅशमधलं सगळं शेजारच्या फ्लॅश चिपवर उतरवतो, आणि फ्लॅशला टिकायला वीज लागत नाही. दोनतीन दिवसांची मुदत गेली. तरी तो कपॅसिटरही म्हातारा होतो, आणि नापास झाल्यावर ‘घाई चालू ठेव’ हा पर्याय अजून तिथंच आहे.

बॅटरी जास्त ठेवली की सुरक्षित, असंही समजू नका. दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या सर्व्हरपासून दूर हलवण्याचं काम चालू असतानाच ती लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला, आणि त्याची दुसरी प्रत बाहेर कुठंच नव्हती. साठा फार मोठा आहे म्हणून ती ठेवली नव्हती. बॅटरी आणि बॅकअप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली काही क्षण सांभाळते, दुसरी बाकी सगळं. एकीच्या भरवशावर दुसरी टाळता येत नाही.

तर आपण करायचं काय? आज ऑफिसात गेलात की कंट्रोलरच्या बॅटरीची किंवा कपॅसिटरची अवस्था विचारा आणि ‘ती बिघडली तर कॅश आपोआप बंद होते ना?’ हेही विचारा. गोंधळलेले चेहरे दिसले तर तेच उत्तर समजा. प्रत्येक बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा. जनरेटर महिन्यातून एकदा नुसता घुरघुरवू नका, खरा भार टाकून चालवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्षातून एकदोनदा, बॅकअप घेऊन, सगळ्यांना सांगून, वीज खरोखर तोडून बघा. याला लोक फार घाबरतात. "चालू यंत्राला कशाला हात लावायचा?" म्हणतात. पण तुम्ही तोडली नाहीत तर वीज मंडळ तोडणारच आहे, आणि ते तुम्हाला विचारून रविवार निवडणार नाही.

त्या पतसंस्थेत नवी बॅटरी आल्यावर मी हेच करायचं ठरवलं. साहेब तयार नव्हते, म्हणाले, "एकदा झालं तेवढं पुरे." कॅशियर बाई म्हणाल्या, "करूया सर. मला बघायचंय." रविवारी सकाळी दोन बॅकअप घेतले, एक पेन ड्राइव्हवर घेऊन साहेबांच्या खिशात ठेवला. बाईंनी स्वतःच्याच खात्यात एक रुपया भरला. पडद्यावर ‘सेव्ह झालं’ आलं, त्यांनी हात वर केला आणि मी मागं जाऊन दोन्ही वायरी उपटल्या.

पंखे थांबले. इतकी शांतता त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. आम्ही पंधरा मिनिटं तसंच बसलो, मामांनी चहा आणला. मग वायरी लावल्या, सर्व्हर चालू केला. कंट्रोलरनं कॅशमधलं राहिलेलं डिस्कवर उतरवल्याची एक ओळ दाखवली आणि पुढं गेला. डेटाबेस उघडला. बाईंनी चष्मा चढवला, खाते क्रमांक टाकला आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"आहे की," म्हणाल्या.